किण्व जागें होईना तेव्हां

या सदरांतून आम्ही आजवर विरजण, आंबोळीचें पीठ, लोणचीं, मोरावळे, आसवारिष्टें अशा घरगुती विषयांवर लिहीत आलों. आज ज्या विषयाला हात घालीत आहों तो पाहून आमच्या कांहीं वाचकांच्या, विशेषतः वाचक भगिनींच्या, कपाळास आंठ्या पडतील. विषय बिअरचा आहे. आणि तोहि विकतच्या नव्हे, तर घरीं केलेल्या बिअरचा. प्रथमच सांगून टाकतों कीं, हें पेय आम्हीं कधीं जिभेला लावलेलें नाहीं, व या वयांत लावण्याचा विचारहि नाहीं. शिवाय महाराष्ट्रांत परवान्यावांचून घरीं मद्य करणें हा १९४९ च्या दारूबंदी कायद्यानें गुन्हा आहे. तेव्हां पुढील मजकूर वाचून येथें कोणी तसा प्रयोग आरंभूं नये. इंग्लंडांत गोष्ट निराळी. तेथेंहि १८८० च्या कायद्यापासून घरीं बिअर करणारास परवाना काढावा लागे. १९६३ सालीं ती अट गेली. तेव्हांपासून घरापुरती, न विकण्याच्या बोलीवर, बिअर करण्यास कोणासहि मोकळीक आहे. आमचा एक भाचा नोकरीनिमित्त त्या देशांत असतो.

या भाच्याशीं आमचें दोन वर्षें बोलणें नव्हतें. त्याचें कारण सांगण्यासारखें नाहीं, पण तें गाळलें तर पुढची हकीगत पोकळ होईल. त्याच्या धाकट्या भावाच्या लग्नाच्या आदल्या रात्रीं हा मित्रांबरोबर पिऊन घरीं आला आणि आम्ही चार पाहुण्यांदेखत त्याला बोललों. जें बोललों तें बरोबर होतें असें आम्हांस अजूनहि वाटतें. पाहुण्यांदेखत बोललों तें बरोबर नव्हतें. तो कांहीं न बोलतां माडीवर गेला, आणि लग्न उरकून परत इंग्लंडला गेला. आक्कांना, म्हणजे त्याच्या आईला व आमच्या वडील भगिनीला, दर रविवारीं त्याचा फोन येई. त्यांत आमची विचारपूस नसे.

जानेवारींतल्या एका रविवारीं रात्रीं साडेदहाला आमचाच फोन वाजला.

"मामा, झोपलां नव्हतां ना? एक विचारायचें होतें. किण्व घालून सत्तावीस तास झाले आणि कांहींच होत नाहीं. वीस लिटर आहे. ओतून देऊं का?"

आम्हीं क्षणभर फोन कानाला तसाच धरून ठेवला. 'यीस्ट' हा शब्द सोडून त्यानें 'किण्व' म्हटलें याचें कारण आम्हांस ठाऊक होतें. शाळेंत असतांना तो संध्याकाळीं आमच्याकडे संस्कृत शिकावयास येई. एके दिवशीं चार्वाकमताचा विषय निघाला. पृथ्वी, आप, तेज, वायु यांच्या संयोगानें देहांत चैतन्य उपजतें, जशी किण्वादि पदार्थांपासून मादकता उपजते, हा त्या मताचा प्रसिद्ध दृष्टान्त. मुलानें विचारलें, "मामा, किण्व म्हणजे नेमकें काय? तुम्हीं पाहिलें आहे?" आम्हीं कोशांतला अर्थ सांगितला आणि पुढच्या ओळीकडे वळलों. मास्तर लोक असेंच करतात. त्या प्रश्नाचें उत्तर मिळविण्यास त्याला पंचवीस वर्षें लागलीं, आणि उत्तर हातीं आलें तें असें निजलेलें.

दारूचें नांव काढल्याबद्दल त्याला पुन्हा सुनवावें कीं विचारल्या प्रश्नाचें उत्तर द्यावें, असा आमच्यापुढें प्रश्न होता. आम्ही उत्तर दिलें; आणि तें चुकीचें दिलें. पावाच्या पिठाचें यीस्ट कोमट साखरपाण्यांत जागें करतात हें आम्हांस माहीत होतें, म्हणून "वरून थोडी साखर घाल" असें ठोकून दिलें. फोन ठेवल्यावर मनाला चैन पडेना. आमच्याबरोबर रसायन शिकविणारे एक स्नेही शेजारच्या गल्लींत राहतात. अकरा वाजतां त्यांना उठविलें. ते म्हणाले, "अहो, त्या काढ्यांत साखरेचा तोटा आहे का? आधींच गोडांत बुडालेल्या जीवाला आणखी गोड घातलें तर त्याच्यावरचा ताण वाढेल. खाणारा आजारी असतां ताट वाढून काय उपयोग?" आम्हीं ताबडतोब उलट फोन केला. सुदैवानें साखर अजून डब्यांतच होती. त्या रात्रीं व पुढील दोन दिवसांत स्नेह्यांकडून, पुस्तकांतून आणि भाच्याच्याच तोंडून आम्हीं जें शिकलों तें येथें सांगतों. कारण त्यांतील पुष्कळसें आपल्या स्वयंपाकघरासहि लागू आहे.

बिअरची कृति थोडक्यांत अशी. जव भिजवून मोड आणतात व वाळवितात, हेंच माल्ट. नाचणीचें सत्त्व करणाऱ्या गृहिणींस हें नवें नाहीं. माल्ट भरडून सुमारें ६५ ते ६८ अंश सेल्सिअसच्या पाण्यांत तासभर ठेवलें म्हणजे मोडांतील पाचक द्रव्यें पिठाची साखर करतात. तो गोड काढा गाळून हॉप्स नांवाच्या वेलाच्या कडू फुलांबरोबर उकळतात, निववितात, आणि मग त्यांत किण्व सोडतात. पुढचें सारें काम किण्वाचें. तें साखर खातें आणि अल्कोहोल व कर्बद्विप्राणिल वायु करतें. वायूमुळें फेस येतो. फेस येईना म्हणून भाचा घाबरला होता.

हें किण्व म्हणजे एकपेशीय बुरशी. तिच्या पेशी ओळीनें मांडल्या तर एका मिलिमीटरांत शंभर-दोनशें बसतील. घरीं करणारे लोक बहुधा तिची वाळविलेली पुडी आणतात. वीस लिटरांस दहा ते सोळा ग्रॅम पुरतात. काढ्याच्या दर मिलिलिटरास पन्नास लाख ते एक कोटि जिवंत पेशी पडाव्या असा साधारण हिशेब आहे. वाचकांस संख्या मोठी वाटेल. पण पुडी जुनी असली, उन्हांत राहिली असली, किंवा उकळत्या काढ्यांत पडली, तर त्यांतील किती जिवंत राहतील याची शाश्वती नाहीं.

आतां विलंबाचें म्हणाल, तर कांहीं विलंब हा विलंबच नव्हे. किण्व काढ्यांत पडल्यापासून फेस दिसेपर्यंत बारा ते चोवीस तास सहज जातात. कित्येक पुड्यांवर बहात्तर तासांपर्यंत वाट पाहण्यास सांगितलेलें असतें. या वेळांत पेशी स्वस्थ नसतात. त्या पाणी पिऊन फुगतात, काढ्यांतील नत्रयुक्त द्रव्यें आंत घेतात, आणि विरघळलेला प्राणवायु घेऊन त्यापासून आपल्या भिंतीस लागणारीं स्निग्ध द्रव्यें तयार करतात. भिंत बळकट झाल्यावांचून त्या वाढत नाहींत, कारण पुढें त्यांना स्वतःच केलेल्या अल्कोहोलांत राहावयाचें असतें. उकळल्यानें काढ्यांतील प्राणवायु निघून जातो, म्हणून निवल्यावर तो खळबळून पुन्हा हवा मिसळवावी लागते. मात्र ही खळबळ आरंभींच. एकदां किण्व चालू झाल्यावर हवा गेली तर बिअरला शिळ्या पुठ्ठ्यासारखा वास येतो.

आमच्या स्नेह्यांनीं भाच्याला वैद्यानें रोग्यास विचारावे तसे प्रश्न विचारले. पुडीवरची मुदत? अजून वर्षभर आहे. किण्व कशांत भिजविलें? कोमट पाण्यांत, पंधरा मिनिटें. पाणी किती कोमट? हात घालून पाहिलें, सोसण्यासारखें होतें. (येथें स्नेह्यांनीं नाक मुरडलें. ३० ते ३५ अंश असावें, आणि पाणी किण्वाच्या दसपट. हाताला सोसतें तें सारेंच किण्वाला सोसतें असें नाहीं. पण एवढ्यानें तें मरत नाहीं, असेंहि म्हणाले.) काढा किती अंशांवर असतांना किण्व सोडलें? एकोणीस. झाकण घट्ट आहे काय? येथें भाचा जरा थांबला. पिंपाच्या झाकणावर पाण्यानें भरलेली एक वांकडी नळी असते; आंतला वायु बुडबुड्यांनीं बाहेर पडतो आणि बाहेरची हवा आंत शिरत नाहीं. बुडबुडे नाहींत म्हणून किण्व मेलें असें नवशिके समजतात. परंतु झाकणाची कड सैल असली तर वायु तिकडून गुपचूप निघून जातो आणि नळी मुकीच राहते. म्हणून नळीवर भरंवसा ठेवूं नये. खरा साक्षीदार हायड्रोमीटर. साखर असलेला काढा पाण्याहून जड. साखरेचें अल्कोहोल होऊं लागलें कीं हलका होतो. भाच्यानें त्याच वेळीं नमुना काढून पाहिला. किण्व सोडतांना १.०४६ होता, आतांहि १.०४६. नळी खोटें बोलत नव्हती. खरोखरच कांहीं झालें नव्हतें.

"पिंप कोठें ठेवलें आहेस?"

"गॅरेजमध्यें. फरशीवर."

"तेथें उष्णमान किती?"

पुन्हा स्तब्धता. मग पावलांचा आवाज, दार उघडल्याचा आवाज, आणि "मामा, तेरा."

रोग सांपडला. त्याचें किण्व एल जातीचें. तें १८ ते २० अंशांत सुखानें काम करतें. बिअरची दुसरी जात लागर. तिचें किण्व १० ते १२ अंशांतहि चालतें, पण तें सावकाश चालतें व त्याची मात्राहि दुप्पट घालावी लागते. याचें पिंप शनिवारीं दुपारीं दोन वाजतां एकोणीस अंशांवर होतें. इंग्लंडच्या जानेवारीच्या रात्रीं दगडी फरशीनें त्याची सगळी ऊब ओढून घेतली. किण्व मेलें नव्हतें. थंडीनें आंखडून बसलें होतें. आपल्याकडे मार्गशीर्ष-पौषांत विरजण लागत नाहीं, इडलीचें पीठ सकाळपर्यंत जसेंच्या तसें राहतें, तेव्हां त्यास दोष कोण देतो? पातेल्याला गोधडी गुंडाळून चुलीशेजारीं ठेवतात, एवढेंच. आसवें करणारे वैद्य तर याहून सूक्ष्म. धायटीचीं फुलें घातलेलें मडकें ते धान्याच्या राशींत पुरून ठेवीत, म्हणजे दिवसरात्रीं ऊब सारखी राहते. आणि तोंडाशीं पेटलेली काडी धरून पाहत. विझली तर वायु उठतो आहे, संधान चालू आहे. जळत राहिली तर एक तर आरंभ नाहीं किंवा काम संपलें आहे.

ऊब आणि किण्व यांचें नातें ज्यांना कळलें त्यांनीं मोठीं कामें केलीं. कोपनहेगनचा याकोबसेन नांवाचा बिअरवाला १८४५ सालीं म्यूनिकहून लागरचें किण्व घेऊन निघाला. रेल्वे सगळीकडे नव्हती, घोडागाडीचा प्रवास. किण्व पत्र्याच्या डब्यांत, डबे टोपीच्या पेटींत; आणि गाडी थांबेल तेथें उतरून हा गृहस्थ डब्यांवर गार पाणी ओती, अशी गोष्ट सांगतात. आमच्या भाच्याच्या किण्वाला थंडी बाधली, याकोबसेनला उष्म्याची भीति. पुढें त्यानेंच १८७५ सालीं कार्ल्सबर्गची प्रयोगशाळा काढली, आणि तेथील हान्सेन यानें १८८३ सालीं एकाच पेशीपासून वाढविलेलें शुद्ध किण्व बनविलें. तोंवर बिअर बिघडे ती बहुधा किण्वांत मिसळलेल्या उपऱ्या जातींमुळें. विशेष हें कीं, कार्ल्सबर्गनें तें किण्व स्वतःपुरतें न ठेवतां इतरांसहि दिलें.

त्यापूर्वींचा काळ तर अंधाराचाच. १५१६ च्या बव्हेरियाच्या प्रसिद्ध फर्मानांत बिअरमध्यें जव, हॉप्स आणि पाणी एवढेंच घालावें असें म्हटलें आहे. किण्वाचें नांव नाहीं. १८३७ च्या सुमारास तिघां संशोधकांनीं किण्व सजीव आहे असें वेगवेगळें सिद्ध केलें, तर १८३९ सालीं लीबिग व व्होलर या जर्मन रसायनपंडितांनीं निनांवी लेख लिहून त्या मताची टर उडविली. विद्वानांची थट्टा किती खालच्या पायरीस जाऊं शकते याचा तो नमुना आहे. या मासिकांत त्याचा अनुवाद देतां येण्यासारखा नाहीं. पाश्चरनें १८७६ सालीं बिअरवरील आपला ग्रंथ छापला तेव्हां कोठें वाद मिटत आला.

आणि आपल्याकडे? कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत सुराध्यक्षाचें प्रकरण आहे. त्यांत किण्व करण्याची कृति दिली आहे: उडदाचा लगदा, कच्चा वा शिजविलेला, त्याहून तृतीयांशानें अधिक तांदूळ, आणि मोरटा इत्यादि वनस्पति. उडीद आणि तांदूळ! आम्हीं हें शंभर वेळां वाचलें असेल. पण ही तर आमच्या इडलीची सामग्री हें त्या रात्रींपर्यंत ध्यानांत आलें नव्हतें. त्याच प्रकरणांत गृहस्थांनीं कार्यप्रसंगीं श्वेतसुरा, व औषधासाठीं अरिष्ट, घरीं करण्यास मुभा असावी असेंहि म्हटलें आहे. हें भाच्याला सांगावें कीं नाहीं याचा आम्हीं बराच विचार केला. शेवटीं सांगितलें. तो हंसला. दोन वर्षांनीं त्याचें हंसणें ऐकलें.

उपाय असा ठरला. पिंप गॅरेजमधून उचलून घरांत, जेथें दिवसरात्र १९-२० अंश राहतात अशा खोलींत, लांकडी पाटावर ठेवावें. जुन्या कांबळ्यानें गुंडाळावें. शेगडीला टेंकवूं नये, कारण एका बाजूनें तापवून घाईनें उठविलेलें किण्व नको ते वास देतें. तळाशीं बसलेलें किण्व वर यावें म्हणून पिंप बंद ठेवूनच एकदां हलकेच गोल हलवावें. दुसरी पुडी आणून ठेवावी, पण फोडूं नये. सोडल्यापासून बहात्तर तास, म्हणजे मंगळवारीं दुपारीं दोनपर्यंत, कांहीं न झाल्यास ती नीट भिजवून घालावी. आणि सर्वांत कठीण पथ्य: झाकण उघडून पाहूं नये. किण्व जोर धरतें तेव्हां काढा आंबट होतो आणि परके जंतु त्यांत टिकत नाहींत. तोंवर मात्र तो गोड, कोमट आणि अनाथ असतो. दर दोन तासांनीं उघडणाऱ्याच्या हातूनच तो बहुधा नासतो. स्नेही म्हणाले, "वास आंबूस आला, वर रंगीत बुरशी दिसली, तर मात्र खुशाल ओतून द्या, नुसत्या उशिरापायीं ओतूं नका."

सोमवारीं दिवसभर फोन आला नाहीं. आम्हीं आपण होऊन करावा असें दोनदां मनांत आलें. पण दर दोन तासांनीं झाकण उघडूं नये असें आदल्या रात्रीं आम्हीच सांगितलें होतें. रात्रीं दहाला त्यानेंच केला. नळींतून मिनिटा-दोन मिनिटांनीं एक बुडबुडा येतो, असें वाटतें. पण खात्री नाहीं, कदाचित् खोलीच्या उबेनें आंतली हवा फुगली असेल. ही शंका त्याची त्यालाच सुचली. शिकविलेलें फुकट गेलें नाहीं असें मनांतल्या मनांत म्हटलें. नंतर अर्धा तास बोलणें झालें तें किण्वाबद्दल नव्हतें. त्या लग्नाच्या रात्रीविषयींहि कांहीं बोलणें झालें. तें येथें लिहिण्याचें कारण नाहीं.

मंगळवारीं सकाळीं साडेअकराला, तिकडे सहा वाजले असतां, मोबाइलवर छायाचित्र आलें. पिंप अर्धपारदर्शक, आंत चार बोटें जाड, पिवळसर पांढऱ्या फेसाचा थर, मध्यें तपकिरी नक्षी. खालीं एकच ओळ होती: "मामा, किण्व पाहा." चौसष्ट तास लागले. दुसरी पुडी तशीच राहिली.

पंधरा दिवसांनीं हायड्रोमीटर १.०११ वर आला, आणि तीन दिवसांनीं पुन्हा पाहिलें तेव्हांहि १.०११ च. हें दुसऱ्यांदा पाहणें फार महत्त्वाचें. काम पुरें होण्याआधींच बाटल्या भरल्या तर आंत वायु कोंडतो आणि कांच फुटते. कोणाच्या डोळ्यास इजा होण्यास एक बाटली पुरे. बिअर कशी झाली हें सांगण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. "उशिरा उठलेल्याच्या मानानें बरी आहे," एवढें त्यानें कळविलें. आठवड्यांतून एकच पेला घेईन असें त्यानें न विचारतां सांगितलें. आम्हीं त्यावर कांहीं भाष्य केलें नाहीं.

हा लेख आम्ही त्याच्या अनुज्ञेनें छापीत आहों. राहतां राहिल्या आक्का. त्यांना तें छायाचित्र आम्हींच त्या दिवशीं दाखविलें होतें, काय आहे तें न सांगतां. चष्मा लावून त्यांनीं बराच वेळ पाहिलें आणि म्हणाल्या, "पीठ छान फुगलें आहे हो! थंडींत एवढें कोणाचें फुगलें?" आम्हीं मुलाचें नांव सांगितलें. त्यांनीं लगेच त्याला फोन लावून, उडीद किती घातलेस, असें विचारलें. त्यानें काय उत्तर दिलें तें आम्हांस कळलें नाहीं. मात्र तेव्हांपासून रविवारच्या फोनांत इडलीची चौकशी असते. हा अंक त्यांच्याकडे दरमहा पांच तारखेला पोंचतो.